दोन कॅमेरे झरीला आले

नर्मदाबाई अंगणवाडीतून रिटायर झाल्या, तेव्हा त्यांनी नव्या बाईंच्या ताब्यात एकेक वस्तू दिली. वजनकाटा, कोठीची किल्ली, हजेरीचं रजिस्टर, खिचडीची भांडी. कशाचंच काही वाटलं नाही. सगळ्यात शेवटी सरकारी मोबाइल द्यायचा होता. तो मात्र त्यांनी आधी पदरानं दोनदा पुसला, मग दिला.

झरीत तीस-बत्तीस वर्षं त्यांनी पोरं सांभाळली होती. शेवटच्या काही वर्षांत त्या मोबाइलवर पोरांचे फोटो काढून वर पाठवायचं काम मागं लागलं. आसपासच्या गावच्या सेविका त्या कामाला वैतागायच्या. नर्मदाबाईंना मात्र त्याचं वेडच लागलं. कुणाच्या गालाला खिचडी चिकटलेली, कुणी ताट टोपीसारखं डोक्यावर घेतलेलं, एखादी पोरगी खिडकीतल्या उन्हात डोळे मिचकावत बसलेली. वर पाठवायला एक फोटो पुरायचा, बाई दहा काढायच्या. मदतनीस म्हणायची, "बाई, खिचडी थंडी व्हायली की वं!" बाई म्हणायच्या, "आलेच, हिचं हसू निघून जाईल तेवढ्यात."

मोबाइल गेला आणि दोन महिने त्या घरात नुसत्या फिरत राहिल्या. एका सकाळी त्यांचे यजमान माणिकराव ओसरीत तुरीच्या शेंगा निवडत बसले होते. नर्मदाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अवं, मला कॅमेरा घ्यायचाय."

माणिकरावांनी मान वर केली नाही. "मोबाइल घे की चांगला."

"मोबाइल समद्यायजवळ हाय. मला कॅमेरा पायजे. डोळ्याला लावून बघायचा."

"आता? पासष्टीत?"

"तुमी सत्तरीत ट्रॅक्टर घेतलाच की."

"ट्रॅक्टर शेतात चालतो."

"मग कॅमेरा बी शेतात चालंल," नर्मदाबाई म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. चहा होईपर्यंत माणिकरावांचा विचार बदलला होता. फक्त त्यांची एक अट होती. त्यांनी उभ्या जन्मात कुठलीही वस्तू एकटी बघून घेतली नव्हती. बैल असो, पंप असो की जावई, शेजारी दुसरा उभा करूनच त्यांनी पारखला होता. कॅमेरेही दोन बघायचे ठरले.

परभणीत स्टेशनकडच्या एका गल्लीत पंडित यांचा फोटो स्टुडिओ होता. माणिकरावांच्या थोरल्या लेकीच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. आता दुकान त्यांची मुलगी नीलम बघायची. केस मागं घट्ट बांधलेली, भरभर बोलणारी, गिऱ्हाइकाला खरं सांगून मोकळी होणारी. स्टुडिओत नुकताच नव्या तऱ्हेचा महागडा कॅमेरा आला होता, त्यामुळं बापलेकीचे आधीचे दोन डीएसएलआर विकायला काढलेले. एक पंडितांचा कॅनन, एक नीलमचा निकॉन. नीलमनं दोन्ही काचेच्या कपाटातून काढून काउंटरवर मऊ फडक्यावर ठेवले.

"काकू, हे दोन्ही शिकाऊ माणसासाठीच बनवलेले हायेत," ती म्हणाली. "चोवीस मेगापिक्सेल दोन्हीला. पुढचं भिंग दोन्हीचं सारख्याच पल्ल्याचं. भाव पण सारखाच लावलाय."

"मग फरक काय?" माणिकरावांनी विचारलं.

"नखाएवढा."

"नखाएवढा?" मागं खुर्चीत बसलेले पंडित उठून पुढं आले. "काका, हिचं ऐकू नका. कॅननमधी माणसाच्या कातडीचा रंग बघा. जिता माणूस वाटतो. चाळीस वर्षं लग्नं, नामकरणं, भीमजयंत्या काढल्यात मी. माणूस म्हणलं की कॅनन."

"बाबा, बॅटरी सांगा की त्यांना," नीलम म्हणाली. "कॅननची एका चार्जिंगमधी पाचशेच्या आसपास फोटो देते. निकॉनची हजाराच्या वर जाते. वजनाला पण हलका. कमी उजेडात पण निकॉनचा फोटो साफ येतो."

"कमी उजेडात फोटो काढायचाच कशाला? बल्ब लाव!"

"आन् कॅननमधून फोटो वायफायनं पटकन मोबाइलवर जातात, हे माझ्याच तोंडातून ऐका," नीलम हसून म्हणाली. "निकॉनचं ते काम सावकाशीचं हाय. मी काही लपवत नाही."

बापलेकीची ही जुगलबंदी माणिकरावांना भारी आवडली. ते पाय पसरून बसले. नर्मदाबाईंचं मात्र ऐकण्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी कॅनन उचलला. हातात घेताच बरं वाटलं. डाव्या तळव्यावर भिंग, उजवं बोट बटणावर, जणू मुद्दाम त्यांच्या मापाचा. मग त्यांनी तो डोळ्याला लावला.

समोरची गल्ली धुक्यात बुडाल्यासारखी दिसली. समोरच्या दुकानाची पाटी म्हणजे नुसता लाल डाग. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला तोंडच नव्हतं.

त्यांनी कॅमेरा खाली केला. चष्मा पदरानं पुसला. पुन्हा लावला. पुन्हा तेच धुकं. मग निकॉन उचलून बघितला, तर पाटीवरची अक्षरं बऱ्यापैकी वाचता आली.

नर्मदाबाईंनी दोन्ही कॅमेरे फडक्यावर परत ठेवले. कॅनन बिघडलाय असं त्यांच्या मनातही आलं नाही. चाळीस वर्षं मुरलेल्या फोटोग्राफरचा कॅमेरा. तो वाईट कसा असेल? वाईट असले तर आपले डोळेच. त्यांच्या आईचे डोळे याच वयात गेले होते. शेवटी शेवटी ती माणसं आवाजावरून ओळखायची.

"कसा हाय?" माणिकरावांनी विचारलं.

"दोन्ही बरे हायेत," नर्मदाबाई म्हणाल्या.

"असं न्हाई चालायचं. वापरून बघितल्याबिगर घ्यायचा न्हाई."

"काका, हे काय बैल हायेत का, औताला जुंपून बघायला?" पंडित म्हणाले.

"बैल असते तर दात बघून घेतले असते. ह्यायला दातच न्हाईत!"

नीलमला हसू आवरेना. मग तीच म्हणाली, "रविवारी मी येते झरीला, दोन्ही घेऊन. काकूंनी दिवसभर वापरावं, मग सांगावं." पंडित जरा कुरकुरले, पण माणिकरावांनी नीलमबरोबर हुरडा पाठवायचं कबूल केलं आणि मग तेही राजी झाले.

रविवारपर्यंतचे चार दिवस नर्मदाबाईंनी आपल्या डोळ्यांची चोरून परीक्षा घेण्यात घालवले. कालनिर्णयवरची बारीक अक्षरं एक डोळा झाकून वाचली. सुईत दोरा ओवला. दुसऱ्या खेपेला गेला. रस्त्यापलीकडच्या लिंबावर बसलेले पोपट मोजले, पाच भरले. तरी मनातलं जाईना. आपल्याला कॅमेऱ्याची हौस सुचली आणि डोळ्यांनी नेमका आत्ताच हात दाखवला, असं वाटून त्यांना झोपता उठता वाईट वाटायचं. माणिकरावांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेले असते आणि कॅमेरा तिथंच राहिला असता.

रविवारी सकाळी नीलम स्कूटीवर आली. पाठीवर काळी पिशवी, पिशवीत दोन कॅमेरे. गावात बातमी आधीच फुटली होती. अंगणवाडीची आजी-माजी सगळी पोरं स्कूटीमागं पळत शेतापर्यंत आली. शेजारच्या तानुबाई काठी टेकत टेकत आल्या. त्यांचं वय कुणालाच नक्की माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

शेतात ज्वारी गळ्याला लागलेली. बांधाकडेला माणिकरावांनी आगटी पेटवली होती. निखाऱ्यात कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम गरम हुरडा पोरांच्या ओंजळीत टाकायचा, असा त्यांचा कारखाना सुरू झाला. बायकोच्या कामात आपण ढवळाढवळ करायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ते जेमतेम दहा मिनिटं टिकलं.

"पयला बैलाचा काढ!" ते ओरडले. "दोन्हीत काढ. बैल हालत न्हाई, पक्की पारख हुईल."

गोठ्यासमोर त्यांचा लाल कंधारी बैल उभा होता. नर्मदाबाईंनी आधी निकॉननं काढला. नीलमनं शिकवलं होतं तसं बटण अर्धं दाबलं, बीप झालं, मग पूर्ण दाबलं. मग कॅनन घेतला, डोळ्याला लावला न लावला आणि फटकन दाबून परत दिला.

असंच चालू राहिलं. पोरं झाली, विहीर झाली, हरभऱ्याचा ढाळा हातात घेतलेली एक चिमुरडी झाली. निकॉन हातात असला की नर्मदाबाई वाकायच्या, सरकायच्या, पोरांना "जरा इकडं बघ, न्हाई, हसू नको, खात ऱ्हा" असं सांगायच्या. कॅनन हातात आला की कुणीतरी मागं लागल्यासारखं एकदा दाबायच्या आणि मोकळ्या व्हायच्या.

नीलमनं बांधावर बसून दोन्हींतले फोटो मागच्या स्क्रीनवर बघितले. तिला काही समजेना. कॅननचे फोटोही स्पष्ट होते. पण बैलाची शिंगं कापलेली, विहीर वाकडी, त्या चिमुरडीचं अर्धं डोकं बाहेर. ती नर्मदाबाईंना विहिरीच्या कडेला घेऊन गेली.

"काकू, एक विचारू? राग नका मानू. हा कॅमेरा तुमाला आवडला नाही का?"

"लय आवडला," नर्मदाबाई म्हणाल्या. आणि तेवढं बोलून त्यांचे डोळेच भरून आले.

"अवं काकू! काय झालं?"

"काय न्हाई गं माय. माझे डोळे गेले. त्या कॅमेऱ्यात मला काही दिसत न्हाई. समदं धुरकट. तुझे बाबा एवढं त्याचं कौतुक करायले, आन् मला त्यात माणूस दिसंना. दुसऱ्यात दिसतंय, पण हा भारी कॅमेरा हाय, ह्यात डोळ्याचं खरं कळत असंल. माझ्या आईचं असंच झालं होतं. यांना सांगू नको."

नीलमच्या कपाळाला आठी पडली. "पण फोटो तर साफ आलेत. दिसत नसताना?"

"त्याचं तोच काढायलाय. मी नुसती दाबायले."

नीलमनं कॅनन घेतला आणि स्वतःच्या डोळ्याला लावला. लावला आणि तशीच थांबली. मग कॅमेरा खाली घेऊन जी हसत सुटली, ती विहिरीच्या कठड्यावर बसलीच.

"काकू, मलाच काही दिसत नाही! माझे पण गेले का डोळे?"

"म्हंजी?"

"अवं, हा बाबांचा कॅमेरा. बाबांचा चष्मा बघितलात का, बाटलीच्या बुडासारखा? फोटो काढताना ते चष्मा कपाळावर सारतात. मग त्यांच्या नंबराप्रमाणं इथलं चाक फिरवून ठेवलेलं असतं." तिनं डोळा लावायच्या खिडकीच्या कडेचं एक दातेरी, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान चाक दाखवलं. "ज्याच्या त्याच्या डोळ्यासाठी असतंय हे. फोटोशी ह्याचा काही संबंध नाही, नुसतं आपल्या बघण्याशी. माझंच चुकलं, दुकानातच फिरवून द्यायला पाहिजे होतं. लावा डोळा. आन् मी फिरवते, तुमी सांगा."

नर्मदाबाईंनी कॅनन डोळ्याला लावला. समोर बांधावर तानुबाई बसल्या होत्या. म्हणजे एक पांढुरका गोळा बसला होता. नीलमनं चाक एक दात फिरवलं. गोळ्याला पदर आला.

"अजून?"

"अजून."

पदराला काठ आला. काठाखाली कपाळ आलं.

"अजून जरा. हं. न्हाई, जास्ती झालं, एक मागं. बास! बास बास!"

तानुबाई सगळ्याच्या सगळ्या आल्या. हनुवटीवर चिकटलेलं हुरड्याचं कूस, गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, दात नसलेल्या तोंडानं सावकाश चाललेलं चघळणं. त्यांच्या पल्याड ज्वारीचं एकेक पान सुटं सुटं दिसत होतं. नर्मदाबाईंनी बटण दाबलंच नाही. कितीतरी वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "माझं काही गेलं न्हाई."

"काही गेलं नाही," नीलम म्हणाली.

"अगं, पाच पोपट मोजले होते मी!"

नीलमला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं मान हलवली.

त्यानंतर नर्मदाबाईंनी जाहीर केलं की सकाळपासूनची पारख रद्द, आता पहिल्यापासून. कारण कुणालाच सांगितलं नाही. माणिकरावांनी "आता का?" विचारलं, तर "सकाळी उजेड बरा नव्हता" असं ठोकून दिलं. दोन्ही कॅमेऱ्यांचं चाक त्यांनी स्वतःच्या हातानं आपल्या डोळ्याला बसवून घेतलं. मग बैल पुन्हा उभा केला, विहीर पुन्हा झाली, पोरांना पुन्हा हुरडा मिळाला, त्यामुळं त्यांची काहीच तक्रार नव्हती. या खेपेला शिंगंही आली आणि चिमुरडीचं डोकंही.

दुपारनंतर सगळे लिंबाखाली गोळा झाले. नीलम एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी शेजारी धरून दाखवायची आणि गाव निकाल द्यायचं. बघता बघता दोन पार्ट्या पडल्या. पोरं निकॉनच्या बाजूनं गेली, कारण तो हलका म्हणून नीलमनं त्यांना गळ्यात घालू दिला होता. माणिकरावही तिकडंच.

"सकाळधरनं चालू हाय, बॅटरीची एक काडी उतरली न्हाई," ते म्हणाले. "असं जनावर पायजे. कमी खाणारं आन् दिसभर चालणारं." शिवाय गोठ्याच्या आतल्या अंधारात काढलेला बैलाचा फोटो निकॉनमध्येच चांगला आला होता, कॅननच्या फोटोत रवाळ दाणे दिसत होते. तो फोटो त्यांनी चार वेळा मागून बघितला.

तानुबाईंपुढं त्यांचे दोन फोटो धरले. त्यांनी आधी निकॉनचा बघितला, मग कॅननचा, मग पुन्हा निकॉनचा.

"ह्याच्यात मी हाय," कॅननवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "त्याच्यात माझी जाऊ हाय. ती अशीच निळी पडायची थंडीत."

सगळे खो खो हसले. तानुबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते अगदी मनापासून सांगितलं होतं.

"नीलम, तू खरं सांग," नर्मदाबाई म्हणाल्या. "तू माझ्या जागी असतीस तर?"

"कागदावर बघितलं तर निकॉन पुढं हाय, काकू. बॅटरी, वजन, अंधार. मी तोच घेतला होता ना. पण तुमाला काय काढायचंय, त्यावर हाय."

नर्मदाबाईंनी दोन्ही कॅमेरे मांडीवर घेतले. "मला चेहरे काढायचेत," त्या म्हणाल्या. "उजेडातले. अंधारात बसलेल्या माणसाला मी हाताला धरून बाहेर आणीन. मला हा पायजे." आणि त्यांनी कॅननचा पट्टा गळ्यात घातला.

"अगं, मी निकॉन म्हणलो ना!" माणिकराव उठून बसले.

"तुमाला बैल काढायचा असंल तर तुमी निकॉन घ्या."

माणिकरावांनी खरंच जरा विचार केला. मग नीलमकडं वळून म्हणाले, "काय गं पोरी, तो दुसरा—"

"तो मी नेते, काका," नीलम घाईनं म्हणाली आणि निकॉन पिशवीत घालून तिनं चेनही लावली. सकाळी तो विकायचा म्हणूनच आणला होता. पण पोरांच्या गळ्यातून काढून घेताना तिला आठवलं, की कॉलेजात असताना पहिला फोटो तिनं याच कॅमेऱ्यानं काढला होता. माणिकरावांनी फार ताणलं नाही. त्यांनी तिच्या डिकीत हुरड्याची पिशवी आणि पंडितांसाठी गूळ कोंबला.

पुढच्या आठवड्यात नर्मदाबाई एकट्याच एसटीनं परभणीला गेल्या. निवडून ठेवलेले बारा फोटो छापून घ्यायचे होते. नीलम बाहेर कामाला गेली होती, दुकानात पंडित होते. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून एकेक फोटो बघितला. तानुबाईंच्या फोटोशी फार वेळ थांबले.

"वैनी, ही बाई तुमच्याकडं बघत न्हाई."

"न्हाई. ती हुरडा खायलीये."

"तेच म्हणतो. मी असतो तर म्हणलो असतो, आजी इकडं बघा, हसा. चाळीस वर्षं तेच म्हणत आलो." ते मागं टेकून बसले. "चुडाव्याला लग्न हाय वीस तारखेला. नीलम एकटी पडायलीये. बायकांच्या खोलीत, हळदीच्या ठिकाणी माणूस घुसला की बाया पदर ओढून बसतात. तुमी येता का?"

नर्मदाबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. आधी विचारलं, "लेकरं असतील?"

"लग्नात लेकरं नसतील तर कुठं असतील!"

"मग येते. पण नवरदेवाचे नीलमला काढू द्या. मला स्टेजवर चढायला लावू नका."

वीस तारखेला सकाळी माणिकराव त्यांना परभणी स्टेशनवर सोडायला आले. त्यांनी नवा सदरा घातला होता. लग्नाचं आमंत्रण त्यांना नव्हतं, पण कुणी विचारलंच तर आपण फोटोग्राफरचे मालक आहोत असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. गाडी यायला वेळ होता. नीलम पलीकडच्या बाकावर बॅटऱ्या तपासत होती. नर्मदाबाईंनी कॅनन बाहेर काढला. प्लॅटफॉर्मवर एक बाई पोराला मांडीवर घेऊन केळं भरवत होती. पोरगं निम्मं केळं खात होतं, निम्मं आईच्या बांगड्यांना चोपडत होतं.

"बाई, काढू का एक?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"काढा की," ती म्हणाली आणि पदर सारखा करायला लागली.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. तुमी केळं भरवा," नर्मदाबाई म्हणाल्या आणि प्लॅटफॉर्मच्या फरशीवर खुशाल मांडी घालून बसल्या.